फर्मवेअरपर्यंत जायचे, पण कोणत्या खिडकीतून?

संगणक सुरू होताना फक्त विश्वासू सही असलेले प्रोग्राम चालू देणाऱ्या 'सिक्युअर बूट' या व्यवस्थेसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ साली दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. गेल्या दहा-बारा वर्षांत विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपांत आणि डेस्कटॉप संगणकांत ही प्रमाणपत्रे कारखान्यातूनच बसून आलेली आहेत आणि ती डिस्कवर नसून मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये असतात, त्यामुळे ती बदलायची तर 'फर्मवेअर'च्या हद्दीत शिरावे लागते. लातूर-नांदेडकडे महाविद्यालयांतील संगणक प्रयोगशाळा सांभाळणारे माझे परिचित ही बातमी कळल्यापासून एकच प्रश्न विचारत आहेत: विंडोज किंवा लिनक्स अद्ययावत करणे आम्हांला जमते, पण फर्मवेअर बदलते तेव्हा संगणकाच्या आत नेमके काय घडते आणि ते घडत असताना लाईट गेली तर काय होईल?

वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत नियंत्रक, म्हणजे यंत्रे चालवणारे छोटे संगणक, बनवणारे तरुण अभियंते हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतात. त्यांच्या नियंत्रकावर लिनक्स चालते, त्याला जोडलेल्या लहानशा चिपमध्ये स्वतंत्र फर्मवेअर असते, आणि ते वाचण्या-बदलण्यासाठी लिनक्समधून कोणता मार्ग काढावा हे त्यांना ठरवायचे असते. मार्ग पाच-सहा तरी आहेत. त्यांतला चुकीचा निवडला तरी पहिल्या दिवशी सगळे सुरळीत चालते, आणि चूक कळते तेव्हा माल शेकडो ठिकाणी पोहोचलेला असतो. म्हणून हा विषय सावकाश समजून घेण्यासारखा आहे.

## फर्मवेअर आणि कर्नल

फर्मवेअर म्हणजे एखाद्या उपकरणाच्या स्वतःच्या चिपमध्ये राहून ते उपकरण चालवणारा प्रोग्राम. शेतातली मोटार मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरमध्ये तो असतो, वॉशिंग मशीनमध्ये असतो, आणि एका लॅपटॉपमध्ये तर असे कितीतरी असतात: मदरबोर्डचा वेगळा, एसएसडीचा वेगळा, वायफाय कार्डाचा वेगळा, टचपॅडचासुद्धा वेगळा.

कर्नल हा लिनक्ससारख्या कार्यप्रणालीचा गाभा. उपकरणांशी प्रत्यक्ष व्यवहार करण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. ब्राउझर असो की फर्मवेअर बदलणारे साधन असो, प्रत्येक प्रोग्राम कर्नलकडे विनंती करतो आणि कर्नल त्याच्या वतीने काम करून देतो. कर्नलचा जो भाग एखाद्या विशिष्ट उपकरणाची भाषा जाणतो त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि प्रोग्रामने कर्नलकडे विनंती करण्याची जी ठरलेली पद्धत असते तिला इंटरफेस. या लेखात मी इंटरफेसला 'खिडकी' म्हणणार आहे, कारण तहसील कार्यालयाचे चित्र या विषयाला चपखल बसते. अभिलेख कक्षात आपण जात नाही, खिडकीवर अर्ज देतो, आणि कोणत्या खिडकीवर कोणता अर्ज चालतो हे आधी ठरलेले असते.

पुढे जाण्याआधी एक फरक लक्षात घ्यावा लागेल, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. काही उपकरणांत फर्मवेअर कायमचे राहतच नाही. बहुतेक वायफाय कार्डे वीज गेली की आपले फर्मवेअर विसरतात. संगणक सुरू झाला की ड्रायव्हर मागणी करतो, कर्नल डिस्कवरच्या 'लिब-फर्मवेअर' या फोल्डरमधून फाइल उचलतो आणि ती कार्डात उतरवली जाते. फाइल खराब निघाली तर वायफाय चालत नाही, एवढेच. चांगली फाइल ठेवून संगणक पुन्हा सुरू केला की प्रश्न मिटतो. या प्रकारासाठी कर्नलमध्ये तयार व्यवस्था आहे आणि तिथे निवड करण्यासारखे फारसे काही नाही.

दुसऱ्या प्रकारात फर्मवेअर फ्लॅश चिपमध्ये लिहून ठेवलेले असते आणि वीज गेली तरी टिकते. ते अर्धवट लिहिले गेले तर उपकरण पुन्हा उठतच नाही. अशा उपकरणाला अभियंते 'ब्रिक' झाले म्हणतात, ब्रिक म्हणजे वीट. पुढचे सगळे विवेचन या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

## कार्यालयात खिडक्या किती आणि कोणत्या

सर्वांत साधी खिडकी म्हणजे चावडीवरच्या सूचना फलकासारखी. लिनक्समध्ये तिला सिसएफएस म्हणतात. प्रत्येक उपकरणासाठी एक फोल्डर आणि त्यात प्रत्येक माहितीसाठी एक छोटी फाइल, अशी तिची मांडणी असते. फर्मवेअरची आवृत्ती हवी असेल तर ती फाइल उघडून वाचायची. एका फाइलमध्ये एकच मूल्य असावे हा तिथला नियम आहे. ही खिडकी वापरायला वेगळ्या साधनाची गरज लागत नाही आणि साध्या स्क्रिप्टमधूनही काम होते, म्हणून ती लोकप्रिय आहे.

दुसरी खिडकी छापील अर्जाची. तिचे नाव आयओक्टल, आणि ती १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून चालत आलेली आहे. उपकरणाची फाइल उघडायची आणि तिच्यावर एक क्रमांकित विनंती पाठवायची. हा क्रमांक ३२ बिटांचा असतो आणि त्यातच माहिती कोणत्या दिशेने जाणार, ती किती मोठी आहे, ती कोणत्या गटाच्या उपकरणासाठी आहे आणि त्या गटातली ती कितवी विनंती आहे, हे चारही तपशील बसवलेले असतात. गुंतागुंतीच्या कामाला ही खिडकी उत्तम, पण अर्जाचा नमुना तयार करताना फार काळजी घ्यावी लागते. ६४ बिटांच्या कर्नलवर ३२ बिटांचा प्रोग्राम चालत असेल आणि नमुन्यातले रकाने दोघांच्या हिशेबाने वेगवेगळ्या जागी पडत असतील, तर एकाने लिहिलेला आकडा दुसरा भलत्याच रकान्यातून वाचतो. पुढे लागतील म्हणून मोकळे सोडलेले रकाने खरोखर शून्य आहेत ना, हेही पहिल्या दिवसापासून तपासावे लागते. नाही तर लोक त्यांत काहीबाही भरून पाठवतात आणि पुढे ते रकाने वापरता येत नाहीत.

तिसरी खिडकी आवक-जावक टपालासारखी, नाव नेटलिंक. तिच्यातून प्रोग्राम आणि कर्नल एकमेकांना संदेश पाठवतात, आणि काम चालू असताना 'इतके झाले, इतके राहिले' असेही कळवता येते. नेटवर्कच्या उपकरणांचा बहुतेक कारभार इथून चालतो.

उरलेल्या दोन जागांना खिडकी म्हणावे की नाही, हाच प्रश्न आहे. डीबगएफएस ही कर्नलच्या विकासकांची कच्ची वही. कारकून आपल्या सोयीसाठी वहीत काहीही टिपून ठेवतो, उद्या तिचे पान फाडूनही टाकतो, आणि तिच्यातल्या नोंदीवर कोणी दावा सांगू शकत नाही. २००४ मध्ये ती आली तेव्हापासून तिला कोणतेही नियम नाहीत, आणि तिच्या दस्तऐवजातच तसे लिहिलेले आहे. डेव्ह-मेम ही तर थेट अभिलेख कक्षाची किल्ली. तिच्यामुळे प्रोग्रामला संगणकाच्या भौतिक स्मृतीत हवे तिथे वाचता-लिहिता येते आणि कर्नलमधला कोणताही ड्रायव्हर मध्ये येत नाही.

## सातबारा पाहणे आणि फेरफार करणे

निवड करताना पहिला प्रश्न असा विचारावा की आपल्याला फर्मवेअरबद्दल फक्त वाचायचे आहे की ते बदलायचे आहे. हे दोन हेतू एकाच खिडकीत कोंबण्याची चूक वारंवार होते.

सातबारा कोणीही पाहू शकतो, कारण पाहिल्याने नोंद बदलत नाही. फेरफाराची रीत मात्र निराळी. पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले तरी लोक ज्यांना तलाठीच म्हणतात ते नोंद घेतात, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ती नोंद पक्की होते. तोवर जुनी नोंद कायम राहते. मध्येच काही बिनसले तर जमीन बेवारस होत नाही.

फर्मवेअरचे लेखन असेच टप्प्याटप्प्याने व्हायला हवे. नवी प्रत आधी बाजूला उतरवून घ्यायची, ती याच उपकरणासाठी आहे का आणि तिच्यावर निर्मात्याची डिजिटल सही आहे का हे पाहायचे, मग ती लिहायची, लिहिलेले पुन्हा वाचून ताडायचे, आणि सगळे जुळल्यावरच 'यापुढे ही प्रत चालवा' असा हुकूम द्यायचा. आवृत्तीचा क्रमांक दाखवणे, तापमान दाखवणे, शेवटच्या प्रयत्नात काय चुकले ते दाखवणे ही कामे सूचना फलकावर शोभतात. फेरफाराला मात्र अशी खिडकी लागते जी टप्पे ओळखते, एका वेळी एकालाच आत घेते आणि नेमके कुठे अडले ते सांगते.

## निवड चुकल्याने काय होते

या क्षेत्रातले नियम लोकांना अवजड वाटतात, पण ते नुकसान सोसून झालेले आहेत.

२००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू असताना इंटेलची काही नेटवर्क कार्डे अचानक निकामी होऊ लागली. त्यांच्यातील कायमस्वरूपी स्मृतीतला मजकूर बिघडत होता. संशय साहजिकच कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. बरेच दिवस शोध घेतल्यावर दोष दुसरीकडेच सापडला: कर्नलच्या कामाचा माग ठेवणारी एक सुविधा स्मृतीतल्या अशा पत्त्यांवर लिहीत होती, जिथे पूर्वी कर्नलचा काही भाग होता पण तो मोकळा झाल्यावर त्याच जागी आता कार्डाची स्मृती जोडली गेली होती. म्हणजे फर्मवेअरला धक्का लावण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. केवळ त्याची स्मृती साध्या लेखनाने बदलेल अशी उघडी पडलेली होती. माझ्या मते या संपूर्ण विषयातला हा सर्वांत शिकवणारा प्रसंग आहे. ड्रायव्हरने ती जागा लिहिण्याची वेळ येईपर्यंत कुलूपबंद ठेवायला हवी, हे त्यातून स्पष्ट झाले.

२०१६ मधला प्रसंग जास्त साधा आणि जास्त भीतिदायक. आजच्या संगणकांत मदरबोर्डचे फर्मवेअर आपल्या काही नोंदी ठेवते, आणि लिनक्समध्ये त्या ईएफआयव्हार-एफएस नावाच्या खिडकीतून फाइलींसारख्या दिसतात. कोणी डिस्कवरच्या सगळ्या फाइली पुसण्याची आज्ञा दिली, तर त्या आज्ञेला या फाइली आणि डिस्कवरच्या फाइली यांत फरक दिसत नाही. काही लॅपटॉपांवर नेमके तेच झाले: डिस्क पुसताना फर्मवेअरच्या नोंदीही पुसल्या गेल्या आणि संगणक पुन्हा सुरूच होईना. खरे तर नोंदी गेल्या तरी फर्मवेअरने सावरायला हवे होते, आणि मूळ दोष त्या फर्मवेअरचाच. पण वापरकर्त्याच्या हातात वीट आली ही गोष्ट त्याने बदलत नाही. त्यानंतर कर्नलने प्रमाणित यादीत नसलेल्या नोंदींना 'अपरिवर्तनीय' अशी खूण लावायला सुरुवात केली. ती खूण मुद्दाम काढता येते, पण चुकून पुसले जाणे थांबले.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये उबुंटू या लिनक्स वितरणाच्या १७.१० आवृत्तीचे डाउनलोड काही काळ मागे घ्यावे लागले, कारण मदरबोर्डच्या फ्लॅश चिपशी बोलणारा इंटेलचा एक ड्रायव्हर तिच्यात चालू राहिला होता आणि त्यामुळे मुख्यतः लेनोवोच्या काही लॅपटॉपांत बायोसची, म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरची, मांडणी जतनच होत नव्हती. हा ड्रायव्हर निवडण्याच्या पर्यायासोबत कर्नलच्या यादीत 'आपण काय करतो आहोत हे ठाऊक नसेल तर निवडू नका' असा इशारा दिलेला होता. पाटी लावल्याने खिडकी सुरक्षित होत नाही, हे तेव्हा दिसले. पुढे २०२२ मध्ये या ड्रायव्हरची रचनाच बदलण्यात आली.

## नवी खिडकी पाडण्याआधी जुन्या मोजा

अभियंत्यांना नवी खिडकी पाडायला आवडते. ते काम दोन दिवसांत होते आणि आपल्या मनासारखे होते. तरीही कर्नलमध्ये बदल स्वीकारणारे लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की या कामाची खिडकी आधीपासून नाही का, आणि बहुतेक वेळा ती असते.

एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीसाठी फर्मवेअर बदलण्याची रीत त्या उपकरणांच्या मानकातच ठरलेली आहे: आधी प्रत उतरवायची, मग ती पक्की करायची, असे दोन वेगळे आदेश, आणि प्रती ठेवायला एक ते सात कप्पे. हे आदेश आयओक्टलच्या खिडकीतून जातात. नियंत्रकाला थेट फ्लॅश चिप जोडलेली असेल तर एमटीडी ही व्यवस्था आहे, आणि ती चिपचे वाचणे, पुसणे व लिहिणे स्वतः सांभाळते. नेटवर्क कार्डांसाठी डेव्हलिंक आहे. नेटलिंकवर उभी असलेली ही व्यवस्था २०१६ मध्ये आली आणि २०१९ मध्ये तिच्यात फर्मवेअर लिहिण्याची सोय झाली. तिच्यातली एक गोष्ट मला विशेष आवडते: ती आवृत्त्यांचे तीन गट दाखवते, कधीच न बदलणारी, सध्या चालू असलेली आणि चिपमध्ये साठवलेली. 'अद्ययावत तर केले, पण जुनीच आवृत्ती का दिसते' या तक्रारीचे उत्तर शेवटच्या दोन आकड्यांत असते, कारण नवी प्रत साठवलेली असते आणि उपकरण पुन्हा सुरू व्हायचे बाकी असते.

यांपैकी कशातच न बसणाऱ्या उपकरणासाठी २०२२ मधल्या ५.१९ या आवृत्तीत फर्मवेअर-अपलोड नावाची सामायिक व्यवस्था आली. सूचना फलकाच्या पद्धतीवरच ती उभी आहे, पण तिला फेरफाराचे टप्पे ठाऊक आहेत. एका फाइलमध्ये 'सुरू' या अर्थाचा १ लिहायचा, दुसरीत संपूर्ण प्रत ओतायची, मग पहिलीत 'संपले' या अर्थाचा ० लिहायचा. त्यानंतर कर्नल पार्श्वभूमीवर काम करतो आणि स्थिती, उरलेले बाइट, झालेली चूक हे सर्व वेगवेगळ्या फाइलींत दाखवतो. काम रद्द करण्याचीही सोय आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने फक्त तयारी, लेखन, ते पूर्ण झाल्याची खात्री, रद्द करणे आणि आवराआवर अशी मोजकी कामे पुरवायची.

या सगळ्यांच्या वर एफडब्ल्यूअपडी हे साधन बसते. २०१५ पासूनचे हे साधन वेगवेगळ्या खिडक्यांवर आपल्या वतीने अर्ज भरते, म्हणून सामान्य लिनक्स वापरकर्त्याला खिडकी निवडावीच लागत नाही. आपले उपकरण परिचित खिडकीतून बोलत असेल तर या साधनात त्याला सामावून घेणे सोपे जाते, आणि छोट्या उद्योगाचे तेवढेच काम वाचते.

## अंबडच्या मोसंबी बागेतला नियंत्रक

समजा जालना जिल्ह्यातील अंबड भागात मोसंबीच्या बागेत ठिबकचा नियंत्रक बसवलेला आहे. मुख्य बोर्डावर लिनक्स, आणि आयटूसी नावाच्या दोन तारांच्या जोडणीवर एक लहान चिप; ही चिप पाण्याचा दाब मोजते आणि व्हॉल्व्ह उघडते-मिटते. चिपच्या फर्मवेअरमध्ये दोष सापडला आहे आणि ते दुरून बदलायचे आहे. शेतीची थ्री-फेज वीज वेळापत्रकाने कधी दिवसा, कधी रात्री येते, आणि वेळापत्रकाबाहेर केव्हा जाईल याचा भरवसा नसतो.

पहिला मोह असा होतो की कर्नलला मध्ये आणायचेच कशाला, प्रोग्रामनेच आयटूसीवरून चिपशी थेट बोलावे. लिनक्समध्ये त्यासाठी आय-टू-सी-डेव्ह ही खिडकी आहे आणि ती पूर्णपणे वैध आहे. चिपशी दुसरे कोणीच बोलत नसेल तर मीही हाच सल्ला देईन, कारण कर्नलमध्ये जेवढे कमी लिहावे तेवढे चांगले. पण इथे दाब वाचणारा ड्रायव्हर आधीच त्या चिपशी बोलतो आहे, म्हणून कर्नल प्रोग्रामला 'व्यस्त' असे उत्तर देतो. जबरदस्तीने आत घुसण्याचा आदेशही उपलब्ध आहे आणि धोका तिथेच आहे: फर्मवेअरचा तुकडा लिहिला जात असताना मध्येच ड्रायव्हरने 'दाब किती' असे विचारले, तर चिप त्या प्रश्नालाच फर्मवेअरचा भाग समजू शकते.

म्हणून लेखन ड्रायव्हरच्याच हातात हवे. दाब वाचण्यासाठी सेन्सरांची आयआयओ ही नेहमीची व्यवस्था, आवृत्तीसाठी सिसएफएसमधली एक फाइल, आणि लेखनासाठी फर्मवेअर-अपलोड, अशी वाटणी मला योग्य वाटते. लेखन सुरू होताच ड्रायव्हर दाबाचे वाचन थांबवतो, व्हॉल्व्ह सुरक्षित स्थितीत नेतो आणि मगच चिपला नवी प्रत घेण्याच्या अवस्थेत नेतो.

वीज गेली तर काय, याचे उत्तर मात्र कोणत्याही खिडकीपाशी नाही. ते चिपच्या रचनेत असते. चिपच्या फ्लॅशचे दोन भाग करून एकात चालू प्रत ठेवली आणि नवी दुसऱ्यात लिहिली, तर लेखन अर्ध्यावर तुटले तरी चिप जुन्या प्रतीवर उठते. पैसे वाचवण्यासाठी अर्ध्या आकाराचा फ्लॅश घेतला असेल तर कर्नलचा कितीही चांगला इंटरफेस ती चिप वाचवू शकत नाही. हा निर्णय बोर्ड आखताना घ्यावा लागतो, आणि तेव्हा सॉफ्टवेअरचा माणूस सहसा बैठकीत नसतो.

## 'आमचे डीबगएफएसवर व्यवस्थित चालते'

हा आक्षेप मी सर्वाधिक ऐकला आहे आणि तो खोटा नाही. प्रयोगशाळेत चिपची तपासणी करण्यासाठी कच्ची वही फार सोयीची असते, आणि तिथे ती वापरावीच.

अडचण ती शेतात पोहोचल्यावर येते. इथल्याच एका छोट्या कारखान्यात फर्मवेअर बदलण्याची सोय डीबगएफएसच्या एका फाइलवर उभारलेली होती. दोन वर्षे काही झाले नाही. मग सुरक्षेच्या कारणास्तव नवे कर्नल बसवले, त्यात डीबगएफएस बंद ठेवलेले होते, आणि नियंत्रकांना दुरून दुरुस्त करण्याचा मार्गच नाहीसा झाला. पुढचे कित्येक आठवडे दोन मुले मोटारसायकलवर लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरत होती. त्यांच्यापैकी एक मुलगा माझा विद्यार्थी होता. भर एप्रिलच्या उन्हात त्याने केलेले ते काम आठवले की अजूनही वाईट वाटते, कारण सुरुवातीला फार तर एका आठवड्याचे जास्त काम केले असते तर हे टळले असते.

## 'रूटच्या हातात असेल तर भीती कशाची?'

रूट म्हणजे लिनक्समधला सर्वाधिकार असलेला वापरकर्ता. वरचे ईएफआयव्हार-एफएसचे नुकसान रूटच्याच आज्ञेने झाले होते, हे या आक्षेपाचे पहिले उत्तर. दुसरे असे की हल्लेखोराने एकदा रूटचा अधिकार मिळवला आणि फर्मवेअर बदलले, तर डिस्क पुसून लिनक्स नव्याने बसवले तरी तो आतच राहतो. म्हणून २०१९ च्या ५.४ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये लॉकडाउन नावाची सोय आहे. ती चालू असली की डेव्ह-मेमसारखी किल्ली रूटलाही मिळत नाही. सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक लिनक्स संगणकांवर ती आपोआप लागू होते, आणि त्या किल्लीवर विसंबून लिहिलेली जुनी साधने तिथे चालत नाहीत.

## एकदा पाडलेली खिडकी बुजवता येते का?

जवळजवळ नाही. कर्नल बदलल्यामुळे लोकांचे चालू प्रोग्राम मोडता कामा नयेत, हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांचा नियम सर्वश्रुत आहे. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, पण जुन्या खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांत सर्व्हे नंबरच लिहिलेले असतात, म्हणून दोहोंची सांगड घालणारा तक्ता कार्यालयाला आजही जपावा लागतो. इंटरफेसचे तसेच आहे. तुम्ही दिलेला क्रमांक किंवा फाइलीचे नाव कोणाच्या तरी प्रोग्राममध्ये लिहिले गेले की ते तुमचे राहत नाही.

याचे उदाहरण सुरुवातीच्या बातमीशीच जोडलेले आहे. फर्मवेअरच्या नोंदी दाखवण्यासाठी लिनक्समध्ये आधी सिसएफएसमधली खिडकी होती आणि तिच्यात एका नोंदीला १०२४ बाइटांची मर्यादा होती. ही मर्यादा ज्या मानकाच्या मसुद्यातून आली त्याच्या अंतिम रूपात ती राहिलीच नाही, पण खिडकीत राहिली. सिक्युअर बूटची प्रमाणपत्रे एवढ्या जागेत मावत नाहीत. म्हणून २०१३ मध्ये ईएफआयव्हार-एफएस ही वेगळी व्यवस्था आली, आणि तरीही जुनी खिडकी प्रत्यक्ष काढून टाकायला २०२२ साल उजाडले. नऊ वर्षे दोन्ही सांभाळावी लागली.

## मग प्रयोगशाळेतल्या संगणकांचे काय?

प्रमाणपत्रांची मुदत संपली म्हणून संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. तो सुरू होत राहतो, पण संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामांसाठीच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या त्याला मिळेनाशा होतात. नवी, २०२३ ची प्रमाणपत्रे बसवताना लिनक्सवर ती ईएफआयव्हार-एफएसमधूनच आत जातात, आणि अर्ज खिडकीने घेतला तरी शेवटचा निर्णय फर्मवेअर स्वतः करते: विश्वासू प्रमाणपत्रांची यादी बदलण्याच्या अर्जावर त्या यादीच्या वरच्या, सही करण्यासाठीच्या डिजिटल किल्लीची सही लागते, आणि ती वरची किल्ली बदलायची तर संगणकाच्या निर्मात्याच्या किल्लीची. सही जुळली नाही तर रूटचाही अर्ज परत येतो. यात लिहायचा मजकूर थोडा असल्यामुळे ते काम क्षणात होते.

काही जुन्या संगणकांत मात्र आधी संपूर्ण बायोस बदलावे लागेल. ते काम संगणक पुन्हा सुरू होताना, लिनक्स किंवा विंडोज चालू होण्याआधी, काही मिनिटे चालते, आणि लाईट जाण्याची भीती खरी आहे ती तिथे. म्हणून प्रयोगशाळेतल्या परिचितांना मी इतकेच सांगितले आहे: प्रत्येक नमुन्याचा एक संगणक आधी करून पाहा, तो दोनदा बंद-चालू करून आवृत्ती ताडा, आणि बाकीचे यूपीएसवर घेऊन, एका वेळी यूपीएसला झेपतील तेवढेच करा.